बेचाळिसाव्या वर्षी ७०० होमरन: पूहोल्सच्या शेवटच्या हंगामाचा हिशेब

मार्च २०२२ च्या अखेरीस बेसबॉलपटू अल्बर्ट पूहोल्सने सेंट लुइस कार्डिनल्स या अमेरिकन संघाशी एका वर्षाचा करार केला, तेव्हा त्याच्या नावावर ६७९ होमरन (थेट भिंतीपलीकडे मारलेले फटके) होते. ७०० ला २१ कमी. वय ४२. कराराची रक्कम २५ लाख डॉलर, म्हणजे त्याच्या तोलाच्या खेळाडूसाठी अगदीच मामुली. हा आपला शेवटचा हंगाम हे त्याने तेव्हाच जाहीर केलं होतं, त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' ही सोय नव्हती. ऑक्टोबरात आकडा ७०३ वर थांबला.

त्या २४ होमरनबद्दल भरपूर लिहिलं गेलं. बहुतेकांचा सूर एकच: जुन्या घरी परतला, लोकांचं प्रेम मिळालं आणि हात पुन्हा चालायला लागला. प्रेम होतंच, खोटं काहीच नाही त्यात. पण हंगामाचा एकेक होमरन क्रमाने लावून पाहिला की त्यामागे फार काटेकोर विचार दिसतो. याला कोणत्या पिचरसमोर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोर, उभं करायचं, कोणत्या दिवशी बाकावर बसवायचं, आणि समोर आल्यावर त्याने स्वतः कोणत्या चेंडूची वाट पाहायची. मला पूहोल्सचा हा हंगाम त्याच्या तीन एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या, हंगामांपेक्षा (२००५, २००८, २००९) जास्त शिकवणारा वाटतो, तो यासाठीच.

आधी ७०३ ची फोड बघू. कार्डिनल्सकडून २००१ ते २०११ या काळात ४४५, मग एंजल्सकडून २२२, २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून १२, आणि शेवटी पुन्हा कार्डिनल्सकडून २४. पहिली अकरा वर्षं ही खेळाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम अकरा वर्षांपैकी होती. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर निवडलेल्या पोराने पहिल्याच हंगामात ०.३२९ च्या सरासरीने (बॅटिंगच्या हजार पाळ्यांत ३२९ यशस्वी फटके, म्हणजे हिट) ३७ होमरन मारले. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, टेक्सासविरुद्ध एकाच सामन्यात तीन मारले. त्यानंतर एंजल्सने त्याच्याशी दहा वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला. उतरण सुरू झाली ती तिथे.

एंजल्सकडे असताना मैलाचे दगड मात्र येत राहिले. एप्रिल २०१४ मध्ये ५०० वा, जून २०१७ मध्ये ६०० वा (तोही ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर खेळाडू असताना मारलेला, चार धावांचा; ६०० वा होमरन ग्रँड स्लॅम असण्याची ती पहिलीच वेळ), मे २०१८ मध्ये ३००० वा हिट, सप्टेंबर २०२० मध्ये विली मेजच्या ६६० ला मागे टाकणारा ६६१ वा. आकडे चढत होते आणि खेळ घसरत होता. २०१७ चंच घ्या. २३ होमरन, १०१ धावा घरी आणल्या, पण सरासरी ०.२४१. तो रोज खेळत होता, समोर येईल त्या पिचरसमोर, मधल्या फळीत. मोठा करार असलेल्या खेळाडूला बसवायला संघाला जड जातं, आणि रोज खेळलेला म्हातारा स्लगर (मोठे फटके मारणारा) रोज थोडा थोडा उघडा पडतो.

वयाने नेमकं काय जातं हे जरा खोलात पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पिचरचा चौथरा आणि होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, यांत १८.४४ मीटर अंतर असतं. पण पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्ष कापायला उरतात साधारण ५५ फूट. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे १५३ किलोमीटरचा फास्टबॉल एवढं अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. बॅट सुरुवातीपासून चेंडूपर्यंत यायला अंदाजे ०.१५ सेकंद घेते. म्हणजे ओळखायला आणि ठरवायला पाव सेकंद. वयानुसार बॅट जरा संथ झाली की हा पाव सेकंद कुरतडला जातो. त्यावर बॅटर एकच उपाय करू शकतो: स्विंग लवकर सुरू करणं. फास्टबॉल सापडतो, पण आता तो अंदाजावर मारतोय. पिचरने त्याच हालचालीतून ताशी ८० मैलांचा, बाजूला वळणारा स्लायडर टाकला की बॅट आधीच फिरून गेलेली असते, किंवा चेंडूच्या वरच्या भागावर लागून तो जमिनीवर आपटतो. पिचरांना हे दोन-तीन खेळ्यांत कळतं. म्हणून उतारवयातल्या स्लगरला स्लायडरचा मारा सुरू होतो आणि सरासरी कोसळते.

दुसरी हानी अंतराची. बॅटचा वेग ताशी १ मैलाने कमी झाला तर चेंडू बॅटवरून निघण्याचा वेग साधारण १.२ मैलाने घटतो, आणि त्या वेगातल्या दर मैलामागे उंच मारलेल्या चेंडूचं अंतर सुमारे ५ फूट कमी होतं. आता बॅट ३ मैलांनी संथ झालेला माणूस घ्या. त्याचा प्रत्येक उंच फटका साधारण १८ फूट आधी पडतो. भिंतीच्या दहा फूट पलीकडे जाणारा होमरन आता भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या आउटफिल्डरच्या ग्लोव्हमध्ये जातो. टीव्हीवर तो 'थोडक्यात हुकला' असा दिसतो. असे थोडक्यात हुकलेले चेंडू एका हंगामात आठ-दहा निघाले तर ३० होमरनवाला २० वर येतो.

मग उपाय? भिंत जिथे जवळ आहे तिथे मारा. सेंट लुइसच्या बुश स्टेडियममध्ये डाव्या कोपऱ्यात भिंत ३३६ फुटांवर आहे, मधोमध ४००. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी डावीकडे ओढून मारणं म्हणजे साठेक फुटांची सवलत. पूहोल्सचे २०२२ चे बहुतेक होमरन डावीकडेच गेले. याची किंमतही असते. ओढून मारणाऱ्याचा फटका चुकला की तो तिसऱ्या बेसच्या बाजूला सरपटतो, तिथे २०२२ पर्यंत शिफ्टमध्ये, म्हणजे बचावपटू एका बाजूला सरकवण्याच्या डावपेचात, त्यांची गर्दी असायची (शिफ्टवर मर्यादा आली ती २०२३ पासून), आणि धावण्यात तो लीगमधल्या सर्वांत संथ खेळाडूंपैकी. परिणाम डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यावर दोघे बाद. त्याच्या फटक्यावर आयुष्यात ४२६ डबल प्ले झाले, आणि तो विक्रम आहे. आधीचा विक्रम कॅल रिपकेनचा, ३५० चा. पूहोल्सच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना हा आकडा लपवू नये. ७०३ आणि ४२६ एकाच सवयीतून आले आहेत.

तिसरी गोष्ट पाय. एंजल्सकडे असताना तळपायाच्या दुखण्याने त्याला छळलं; २०१३ चा हंगाम त्यामुळे अर्ध्यावर संपला, पुढे शस्त्रक्रियाही झाल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की होमरन दंडातून निघतो. तो निघतो मागच्या पायातून. मागचा पाय जमिनीत रोवून कंबर फिरते, कंबरेमागे खांदे, खांद्यामागे हात, आणि बॅट सगळ्यात शेवटी. तळपाय दुखत असेल तर शरीर नकळत वजन आधीच पुढे सोडतं आणि सगळी साखळी हातांवर येऊन पडते. पूहोल्सची ठेवण मुळातच पायांवर अवलंबून: पाय खूप फाकलेले, गुडघे वाकलेले, हात वर, आणि पुढचं पाऊल टाकण्याऐवजी फक्त टाच उचलून खाली. हालचाल कमी असल्याने डोकं स्थिर राहतं आणि वेळ चुकण्याची शक्यता घटते. पण पुढे झेप नसल्याने सगळं बळ उभ्या जागी मांड्यांतून काढावं लागतं. पाय ताजे असतील तर ही ठेवण म्हातारपणी वरदान ठरते. थकलेले असतील तर काहीच उरत नाही.

म्हणून विश्रांतीचा हिशेब. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत तो १०९-१०९ सामने खेळला. २०२१ च्या मे महिन्यात एंजल्सने त्याला सोडलं, डॉजर्सने उचललं आणि मुख्यतः डावखुऱ्या पिचरांपुढे वापरलं. त्या वर्षीचे १७ होमरन २७५ ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांत) आले, म्हणजे सोळामागे एक. त्यांतले बहुतेक डावखुऱ्यांवर. पुढे जे घडलं त्याचा नकाशा लॉस एंजेलिसमध्येच तयार झाला होता, असं मी म्हणेन. कार्डिनल्सच्या लोकांनी तो नीट वाचला.

डावखुऱ्यांचं एवढं काय, हे क्रिकेट पाहणाऱ्याला पटकन समजेल. उजव्या बॅटरला उजव्या पिचरचा स्लायडर म्हणजे बाहेर जाणारा चेंडू, लेगस्पिनसारखा बॅटपासून पळणारा. डावखुऱ्या पिचरचा तोच चेंडू ऑफस्पिनसारखा आत येतो. शिवाय डावखुऱ्याचा हात उजव्या बॅटरच्या नजरेसमोर उघडा असतो, चेंडू सुटताना लवकर दिसतो. वर सांगितलेला कुरतडलेला पाव सेकंद इथे थोडा परत मिळतो. ज्याचा स्विंग लवकर सुरू होतोय त्याला बाहेर पळणारा चेंडू मारतो. आत येणारा चेंडू चुकूनही बॅटच्या जाड भागावर येऊ शकतो.

आणि हे सगळं शक्य झालं नियमाने. २०२२ पासून कार्डिनल्स खेळतात त्या नॅशनल लीगमध्येही डेसिग्नेटेड हिटर कायमचा आला, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा खेळाडू. त्याआधी (२०२० चा कोविडचा हंगाम वगळता) कार्डिनल्सला ४२ वर्षांच्या माणसासाठी जागाच नसती. त्याला पहिल्या बेसवर उभं करावं लागलं असतं आणि तिथे पॉल गोल्डश्मिट होता, जो त्याच वर्षी एमव्हीपी झाला. नियम एक वर्ष उशिरा आला असता तर आज ७०० च्या यादीत तीनच नावं असती. हे मला ठामपणे वाटतं.

आता सुरुवातीचा हिशेब मांडू. २१ होमरन हवेत, २०२१ च्या वेगाने सोळामागे एक. म्हणजे साधारण ३४० ॲट-बॅट लागणार. अर्धवेळ खेळाडूला तेवढे मिळत नाहीत. प्रत्यक्षात त्याला मिळाले ३०७. कागदावर गणित जुळत नव्हतं, आणि पहिल्या अर्ध्यात तर ते पार फसलं. जुलैत, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठीच्या विश्रांतीपर्यंत, होमरन ६, सरासरी ०.२१५. आकडा ६८५. ऑल-स्टार सामन्यासाठी त्याला आणि मिगेल कॅब्रेराला कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी मानाचं खास निमंत्रण दिलं, तेव्हा अनेकांनी तो निरोप समारंभच धरला. डॉजर स्टेडियमवरच्या होमरन डर्बीत, म्हणजे होमरन मारण्याच्या स्पर्धेत, त्याने पहिल्या फेरीत काइल श्वार्बरला हरवलं, मग हुआन सोटोकडून हरला.

त्यानंतर १८ होमरन. सरासरी ०.३२३.

डर्बीने हात मोकळा झाला अशी एक आवडती उपपत्ती आहे. मला ती पटत नाही. क्रम बघा. विश्रांतीनंतर ६८६ वा आला २६ जुलैला टोरंटोत, आणि ६८७ वा थेट १० ऑगस्टला कोलोरॅडोत, म्हणजे मध्ये दोन आठवडे गेले. झपाटा सुरू झाला १४ ऑगस्टला, ब्रुअर्सविरुद्ध एकाच सामन्यात दोन. मग १८ तारखेला रॉकीजविरुद्ध पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून ग्रँड स्लॅम, ६९० वा. हा होमरन जवळून पाहण्यासारखा आहे. सामन्याची तिसरीच इनिंग होती. इतक्या लवकर कोणी पिंच हिटर वापरत नाही, तो हुकमाचा पत्ता आठव्या-नवव्या इनिंगसाठी राखतात. पण बेस भरलेले, आणि समोर ऑस्टिन गोम्बर, डावखुरा, पूर्वीचा कार्डिनल्सचाच पिचर. मॅनेजर ऑलिव्हर मार्मोलने डाव्या हाताने खेळणाऱ्या ब्रेंडन डोनोव्हनला परत बोलावून पूहोल्सला पाठवलं. सामना नंतर काय होईल ते होवो, एवढी मोठी संधी समोर आहे तर आत्ताच घ्यायची. मार्मोल स्वतः १९८६ चा, पूहोल्सपेक्षा सहा वर्षांनी लहान. आपल्यापेक्षा मोठ्या, दंतकथा झालेल्या खेळाडूला 'आज तू बसायचं' हे सांगणं आणि असं नेमकं उठवणं, दोन्ही त्याने केलं. त्याचं श्रेय त्याला पुरेसं मिळालं नाही.

दोन दिवसांनी ॲरिझोनात मॅडिसन बमगार्नरवर ६९१ वा आणि ६९२ वा. बमगार्नर डावखुरा. २२ ऑगस्टला शिकागोच्या रिग्ली फील्डवर ड्रू स्मायलीवर ६९३ वा, सामना १-० ने जिंकला. स्मायली डावखुरा. २९ ऑगस्टला सिनसिनाटीत रॉस डेटवायलरवर ६९४ वा. डावखुरा. हा त्याने होमरन मारलेला ४५० वा वेगळा पिचर. बॅरी बॉन्ड्सचा ४४९ चा विक्रम तिथे मोडला. ४ सप्टेंबरला शिकागोच्या कब्जविरुद्ध ०-० असताना आठव्या इनिंगमध्ये पिंच हिटर म्हणून येऊन ब्रँडन ह्यूजवर ६९५ वा, सामना २-० ने खिशात. ह्यूजही डावखुरा.

म्हणजे ६९० ते ६९५ हे सहाच्या सहा डावखुऱ्यांवर. नकाशा अक्षरशः पाळला.

आणि इथून पुढे चित्र बदलतं, ते फार कमी जणांनी टिपलं. ६९६ वा पिट्सबर्गला जे. टी. ब्रुबेकरवर, उजवा. दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, ६९७ वा चेस डी याँगवर, उजवा. नवव्या इनिंगमध्ये ३-२ ने मागे असताना दोन धावांचा, त्याने सामना ४-३ असा फिरला आणि ॲलेक्स रॉड्रिगेझचा ६९६ मागे पडला. १६ सप्टेंबरला ६९८ वा रेनेल एस्पिनालवर, उजवा. ७०० ते ७०३ हे चारही उजव्या पिचरांवर. डावखुऱ्यांवर लय सापडल्यावर मार्मोलने त्याला उजव्यांपुढेही ठेवायला सुरुवात केली, आणि तोवर त्याची वेळ इतकी बसली होती की बाहेर जाणारा स्लायडर तो सोडू लागला होता. क्रम उलटा असता, एप्रिलपासून रोज उजव्यांसमोर ढकललं असतं, तर २०१७ ची पुनरावृत्ती झाली असती.

मैलाच्या दगडाजवळ अडकणं हा वेगळाच आजार आहे. रॉड्रिगेझला २०१० मध्ये ५९९ वरून ६०० ला जायला ४६ ॲट-बॅट लागले होते. कारणं नेहमीची. पिचर इतिहासात आपलं नाव 'ज्याच्यावर मारला तो' म्हणून जाऊ नये म्हणून चेंडू कडेकडेला ठेवतात. बॅटर अधीर होतो, वाईट चेंडूमागे जातो, स्विंग लांबवतो. लांबलेला स्विंग म्हणजे उशिरा पोचणारी बॅट. त्यात अंपायर प्रत्येक वेळी खास खूण केलेले चेंडू खेळात आणतो, कारण उद्या कोणी भलताच चेंडू आणून 'हाच तो' म्हणू नये. त्या अदलाबदलीने बॅटरला प्रत्येक वेळी आठवण होते की आज काय अपेक्षा आहे. कॅमेरे उभे, प्रेक्षक उभे.

पूहोल्सचा इतिहास याबाबत विलक्षण आहे. ४९९ वा आणि ५०० वा त्याने वॉशिंग्टनमध्ये एकाच सामन्यात मारले. ६६१ वा आणि ६६२ वा एकाच सामन्यात. ६९९ वा आणि ७०० वाही. त्याला ताटकळावं लागलंच नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण ती टाच उचलण्याएवढीच हालचाल. ज्या स्विंगमध्ये लांबवण्यासारखं फारसं नाहीच, तो दडपणाखालीही लांबत नाही.

२३ सप्टेंबर २०२२, डॉजर स्टेडियम. समोरचा डॉजर्स संघ त्या वर्षी १११ सामने जिंकलेला, म्हणजे ढिला प्रतिस्पर्धी नव्हे. त्याआधीच्या सॅन डिएगोतल्या सामन्यांत काही झालं नव्हतं. तिसऱ्या इनिंगमध्ये डावखुरा अँड्र्यू हीनी, फास्टबॉल, ४३४ फूट, ६९९ वा. पुढच्याच इनिंगमध्ये दोघे बेसवर असताना उजवा फिल बिकफर्ड. स्लायडर, जो बाहेर पळायला हवा होता तो मध्येच तरंगला. ३८९ फूट, डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत. या दोन अंतरांची तुलना करा: ६९९ वा कुठल्याही मैदानाबाहेर गेला असता, ७०० वा गेला, कारण तो डावीकडे ओढला होता. मधोमध तेवढाच मारला असता तर झेल होता. बेस फिरून झाल्यावर तो जाळीपाशी गेला आणि पलीकडे बसलेल्या निवृत्त खेळाडू एड्रियन बेल्ट्रेच्या हाताला हात लावला, दोघेही डोमिनिकन. परक्या मैदानावर लोक उठून टाळ्या वाजवत होते, कारण आदल्या वर्षी इथेच त्याला 'तिओ आल्बर्ट' म्हणजे आल्बर्टकाका म्हणायचे. ज्या प्रेक्षकाला चेंडू मिळाला त्याने तो ठेवून घेतला, आणि पूहोल्सने त्याबद्दल कुरकूर केली नाही. सामना ११-०.

या यादीत त्याच्या वर तिघेच: बॉन्ड्स ७६२, हँक ॲरन ७५५, बेब रूथ ७१४. ७०० होमरन आणि ३००० हिट हे दोन्ही असलेले तर दोघेच, ॲरन आणि पूहोल्स.

ॲरनचं १९७३ हे वर्ष मला पूहोल्सच्या २०२२ चं खरं पूर्वरूप वाटतं. वय ३९, सामने फक्त १२०, होमरन ४०. तोही राखून वापरलेला. आकडा ७१३ वर थांबला, त्याला त्या हिवाळ्यात धमक्यांची पत्रं येत राहिली, आणि ८ एप्रिल १९७४ ला त्याने ७१५ वा मारला तो अल डाउनिंगवर, डावखुऱ्या पिचरवर. पुढे मिलवॉकीत डेसिग्नेटेड हिटर म्हणून दोन हंगामांत १२ आणि १० मारून ७५५. रूथच्या काळात ही सोय नव्हती. १९३५ मध्ये तो २८ सामने खेळला, सरासरी ०.१८१. त्यातही २५ मे रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवर एका सामन्यात तीन मारले आणि ७१४ झाले, पण क्षेत्ररक्षणात उभं राहणं जमेना आणि काही दिवसांत सगळं आटोपलं. बॉन्ड्सने २००७ मध्ये, ४२ व्या वर्षी सुरू केलेल्या हंगामात, ३४० ॲट-बॅटमध्ये २८ मारले, पण त्याच्या शेवटच्या वर्षांवर उत्तेजकांच्या प्रकरणाची सावली आहे आणि ती बाजूला ठेवून तुलना करता येत नाही. डेव्हिड ऑर्टिझने २०१६ मध्ये चाळिशीत ३८ होमरन आणि ०.३१५ अशी सरासरी राखली, तोही पूर्णवेळ डेसिग्नेटेड हिटर.

उलट बाजूही बघायला हवी. रॉड्रिगेझ २०१५ मध्ये ३३ मारून ६८७ वर पोचला होता, ७०० हाताशी. पुढच्या वर्षी ०.२०० ची सरासरी, ९ होमरन, आणि ऑगस्टमध्ये ६९६ वर प्रवास संपला. कॅब्रेराने २०२१ मध्ये ५०० वा मारला आणि ५११ वर थांबला. वय सगळ्यांचं सारखंच वाढतं. फरक पडतो तो कोणाला किती आणि कोणासमोर खेळवलं यातून.

७०० नंतरचे तीन ३० सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या चार दिवसांत आले, तिन्ही पिट्सबर्गविरुद्ध. शेवटचा, ७०३ वा, मिच केलरवर. त्या फटक्याने पूहोल्स घरी आणलेल्या धावांत रूथच्याही पुढे गेला; अखेरचा आकडा २२१८, वर फक्त ॲरनचा २२९७. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) फिलाडेल्फियाने कार्डिनल्सला दोन सामन्यांतच बाहेर काढलं. पूहोल्सची शेवटची खेळी सिंगलची, म्हणजे एका बेसच्या फटक्याची, होती. हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव येईल ते २०२८ च्या निवडीसाठी.

यूट्यूबवर या होमरनचे व्हिडिओ सहज सापडतात. ७०० वा सगळेच पाहतात. त्याआधी ६९०, ६९३ आणि ६९५ पाहा, आणि चेंडूकडे न बघता त्याच्या मागच्या पायाकडे बघा. ६९३ व्या वेळी स्मायलीचा फास्टबॉल स्ट्राइक झोनच्याही, म्हणजे खेळण्याजोग्या चेंडूच्या हद्दीच्याही, वर होता. तो चेंडू हातांनी मारता येत नाही, तरी मागचा पाय रोवलेलाच आहे आणि डोकं जागचं हललेलं नाही. मग एंजल्सच्या काळातला एखादा जमिनीवर गेलेला डबल प्ले शोधून शेजारी लावा. त्यात टाच खाली यायच्या आधीच वजन पुढे गेलेलं दिसेल.